समुद्राला लागून असलेलं छोटं बुटिक हॉटेल घ्यावं का? तारकर्ली ते वेंगुर्ला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर कुडाळ तालुक्यातलं, सासर पुण्याचं. दिवाळीची सुट्टी जवळ आली की मैत्रिणी, सोसायटीतली मंडळी, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक विचारायला लागतात, "तुमच्याकडे अगदी समुद्राला लागून एखादं छोटं, छान हॉटेल आहे का? तसलं घ्यावं, की सरळ मोठं रिसॉर्ट बघावं?" गेली बारा वर्षं मी वर्षातून दोन-तीनदा तरी अशा ठिकाणी राहते. कधी आईबाबांना घेऊन, कधी मुलांबरोबर, दोनदा एकटी. प्रश्न तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. हे सगळं सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याबद्दल आहे: मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती, वेंगुर्ला, शिरोडा.

बुटिक हॉटेल, होमस्टे आणि रिसॉर्ट यांत नेमका फरक काय?

पाटीवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. सहा ते बारा खोल्या, स्वतःचं स्वयंपाकघर, प्रत्येक खोलीत थोडी आवडीनिवडीची मांडणी आणि येणाऱ्या पाहुण्यांना नावानं ओळखणारी माणसं, याला मी बुटिक हॉटेल म्हणते. होमस्टे म्हणजे मालकाचंच घर. दोन-चार खोल्या पाहुण्यांना, आणि घरात शिजेल ते आपल्या ताटात. रिसॉर्टला तीस-चाळीस खोल्या, स्विमिंग पूल, बुफे आणि पाळीत काम करणारे कर्मचारी.

आपल्याकडे या सीमारेषा पुसट आहेत. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि किनाऱ्यावरच्या किती तरी घरांनी माडाच्या वाडीत मागच्या बाजूला दोन खोल्या काढल्या. त्या दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ. आज ज्याला बुटिक म्हणतात त्यातली बरीच हॉटेलं अशी वाढलेली आहेत. काही मात्र बाहेरच्या गुंतवणूकदारानं जागा घेऊन बांधलेली आणि मॅनेजरच्या हाती सोपवलेली असतात. फोटोंत दोन्ही सारखीच दिसतात.

म्हणून मी एकच प्रश्न विचारते: मालक रात्री कुठे झोपतात? त्याच आवारात झोपत असतील तर बाकीच्या निम्म्या शंका मिटतात. असं का म्हणते, ते पुढच्या उत्तरांत येईलच.

मोठ्या रिसॉर्टपेक्षा इथे जास्तीचं काय मिळतं?

पहिली गोष्ट जेवण. आठ खोल्यांचं स्वयंपाकघर सकाळी बाजारात किंवा रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) काय मिळालं ते बघून दिवस ठरवतं. सुरमई महाग असेल तर मालकांच्या घरच्या वहिनी सरळ सांगतात, "आज बांगडे घ्या, ताजे आहेत, सुरमई कालची आहे." शंभर माणसांचा बुफे असं सांगू शकत नाही. त्याला फ्रीजरमधल्या पापलेटवर आठवडा काढावा लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. सहा वाजता पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, चालायला जायचंय आणि त्याआधी चहा हवाय, तर तो मिळतो. दुपारी जेवण जड झालं, रात्री फक्त पेज आणि पापड हवाय, तर तोही मिळतो. आईचं पथ्य मी फोनवरच सांगून ठेवते, आणि आजवर दोनच ठिकाणी ते पाळलं गेलं नाही.

तिसरी गोष्ट सांगायला जरा अवघड आहे. भोगव्यात एका ठिकाणी मी सलग चार दिवस व्हरांड्यात बसून बघत होते. मालकांच्या आई सकाळी खोबरेल तेलाची वाटी आणि जुन्या साडीचा तुकडा घेऊन निघायच्या आणि एकेका दाराची पितळी कडी, बिजागरी, कुलूप पुसत जायच्या. आठ खोल्या, सोळा दारं-खिडक्या. तासभर लागायचा. मी विचारलं, रोज करता? म्हणाल्या, एक दिवस चुकला तर वारा खातो. खिडकीच्या काचा सकाळी साध्या पाण्यानं पुसलेल्या असायच्या आणि संध्याकाळी काचेवर बोट फिरवलं की मिठाच्या पांढऱ्या थरावर रेघ उठायची. एवढं लक्ष आठ खोल्यांना देता येतं, ऐंशींना नाही. आणि पाहुण्याकडेही त्याच नजरेनं बघितलं जातं. बाबांना पायरी चढताना त्रास होतो हे कुणी न सांगता दुसऱ्या दिवशी तिथे एक चिरा आणून ठेवलेला होता.

मग तोटे काय? खरं सांगा.

खारा वारा हा सगळ्यात मोठा. लोखंड दोन-तीन वर्षांत फुगतं, भिंतींना लोणा धरतो, एसीचं बाहेरचं यंत्र गंजतं, लाकडी दार पावसाळ्यात फुगून बसतं. टॉवेल वाळत नाहीत, चादर जराशी दमट लागते. समुद्राला लागून असलेल्या हॉटेलचा देखभालीचा खर्च गावातल्या हॉटेलपेक्षा कितीतरी जास्त असतो. तो जो करत नाही त्याची खोली तिसऱ्या वर्षी जुनाट दिसते. फोटो मात्र पहिल्या वर्षाचेच राहतात.

दुसरा तोटा माणसांचा. इथे दोन-तीनच कर्मचारी असतात. त्यातला एक आजारी पडला, की त्या दिवशी खोली उशिरा साफ होते आणि नाश्ता अर्धा तास मागे जातो. गणपतीत तर सगळेच आपापल्या घरी. मालकांच्या घरातही गणपती, म्हणून स्वयंपाकघर बंद किंवा पूर्ण शाकाहारी. चतुर्थीच्या दिवसांत मासे खायला जाऊ नका, मिळणार नाहीत, आणि मागणंही बरं नाही.

तिसरा तोटा करमणुकीचा. पूल नाही, मुलांसाठी खेळघर नाही, संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम नाही. भिंती पातळ असतील तर शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं. आठांपैकी पाच खोल्या एकाच ग्रुपनं घेतल्या असतील तर अख्ख्या आवारात त्यांचाच आवाज. मोठ्या जागेत हे पसरतं, छोट्या जागेत कोंडतं.

चौथ्या तोट्याबद्दल पुढच्याच प्रश्नात वेगळं लिहिते.

वीज गेली, कुणाची तब्येत बिघडली तर?

एका जानेवारीत आम्ही एका देखण्या हॉटेलात उतरलो होतो. नाव घेत नाही. रात्री दहाला वीज गेली. बाबांना दमा आहे, त्यांचा नेब्युलायझर विजेवर चालतो. जनरेटर होता, त्याचं शेड दिसत होतं, पण शेडला कुलूप होतं आणि किल्ली मॅनेजरकडे. मॅनेजर नऊ वाजता मोटारसायकलनं पंधरा किलोमीटरवरच्या आपल्या गावी गेलेले, फोन लागत नव्हता. तिथला पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा, घाबरून गेला. शेवटी कुंपणापलीकडच्या रापणकरांच्या घरात दिवा दिसला. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. त्या काकींनी बाबांना आपल्या खाटेवर बसवलं, यंत्र लावून दिलं आणि मध्यरात्रीपर्यंत आमच्याबरोबर जागल्या. मालक पुण्यातच राहतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मी खोलीआधी हे विचारते: जनरेटर आहे की नुसता इन्व्हर्टर? इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा चालतो, एसी नाही. रात्री जबाबदार माणूस आवारात असतो का? गाडी असते का? रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक सगळीकडे चालतो, पण देवबागच्या टोकावरून किंवा भोगव्याच्या उतारावरून रस्ता अरुंद आहे, वेळ लागतो. मालवण आणि वेंगुर्ल्याला सरकारी रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला. फारच गंभीर झालं तर आमच्याकडची माणसं गोव्याला बांबोळीला नेतात. ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा नुकतं ऑपरेशन झालंय त्यांनी किनाऱ्याच्या टोकावरचं हॉटेल न घेता मालवण किंवा वेंगुर्ला शहराजवळचं घ्यावं, हे माझं ठाम मत आहे.

'बीचफ्रंट', 'सी व्ह्यू', 'बीच ॲक्सेस' यात फसगत कशी टाळायची?

'सी व्ह्यू' म्हणजे कुठून तरी समुद्र दिसतो, कदाचित गच्चीतून. 'बीच ॲक्सेस' म्हणजे चालत जाता येतं, मग ते पाच मिनिटं असो वा पंधरा. 'बीचफ्रंट' म्हणजे आवार आणि पुळण यांच्यामध्ये दुसऱ्या कुणाची जमीन किंवा रस्ता नाही. पण त्यातही खोली आवाराच्या पुढे आहे की मागे, हे विचारायलाच हवं. कोकणातल्या वाड्या लांबट असतात. समुद्राकडची कड अरुंद आणि आत खोलवर गेलेली. आठांपैकी दोनच खोल्यांतून पाणी दिसतं, उरलेल्या सहांतून माड.

नवीन बांधकाम थोडं मागे असण्याला कारण आहे. किनारा नियमन क्षेत्राची २०१९ची अधिसूचना दाट वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या भागात २०० मीटर पट्टा ना-विकास क्षेत्र ठरवते. त्यामुळे अगदी वाळूत उभी असलेली नवी कोरी काँक्रीटची इमारत दिसली, तर मी जरा थांबते. परवान्याचा वाद असलेल्या जागेवर ऐन सुट्टीत कारवाई झाली तर पाहुण्यांची धावपळ होते.

फोनवर सांगा, "खोलीच्या दारात उभं राहून समुद्राकडे चालत जायचा एक व्हिडिओ पाठवा." चांगले मालक दहा मिनिटांत पाठवतात.

समोर पुळण आहे की दगडी बंधारा?

हा प्रश्न मला कुणी विचारत नाही, म्हणून मीच घालते आहे. देवबाग म्हणजे कर्ली खाडी आणि अरबी समुद्र यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी रस्त्यात उभं राहिलं की एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र. सूर्य खाडीवर उगवतो आणि समुद्रात मावळतो, दोन्ही एकाच जागेवरून बघायला मिळतं. इतकं सुंदर गाव आमच्याकडे दुसरं नाही. पण समुद्र ही जमीन वर्षानुवर्षं कातरतो आहे, म्हणून किनाऱ्याच्या बऱ्याच भागात धूप रोखायला दगडी बंधारे घातलेत. अशा बंधाऱ्यामागच्या हॉटेलातून लाटा अगदी जवळ दिसतात, पण भरतीला पाय ठेवायला वाळू उरत नाही, आणि मुलांना घेऊन त्या दगडांवरून उतरणं धोक्याचं.

तारकर्लीला किंवा भोगव्याला पुळण रुंद आहे. तिथे सुरूच्या झाडांपुढे वाळूवर मर्यादवेल पसरलेली दिसेल, जांभळ्या फुलांची. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती वाढते म्हणून हे नाव. ती वेल जिथे उपटून, सपाट करून खुर्च्या मांडल्या आहेत तिथली वाळू पुढच्या पावसाळ्यात जास्त वाहून जाते. हॉटेलानं ही वेल राखली आहे का, हे मी मुद्दाम बघते. त्यावरून मालकाला किनारा कळतो की नाही, हे समजतं.

भरती-ओहोटीची वेळ कशी कळेल?

घरात कालनिर्णय असेल तर पुरे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात आकडे पुन्हा एकपासून मोजायचे. सकाळची भरती मिळाली की साधारण साडेबारा तासांनी पुढची, आणि मधोमध ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चला.

याचा उपयोग काय, तर तारखा ठरवताना. मुलांना वाळूत खेळायचं असेल तर सकाळी किंवा संध्याकाळी ओहोटी येईल असे दिवस निवडा. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती दुपारी साडेअकरा-बाराला येते आणि संध्याकाळी पाच-सहाला पाणी खूप मागे गेलेलं असतं. सूर्यास्ताला मोठी पुळण हवी असेल तर हे दिवस उत्तम. अष्टमीच्या आसपास सूर्यास्ताला पाणी भरलेलं असतं. मालवणकडे भरती-ओहोटीतलं अंतर मुंबईइतकं नसतं, तरी पुळण अरुंद असेल तर फरक चांगलाच जाणवतो.

समोरच समुद्र आहे, तर पोहायला उतरावं का?

विचारल्याशिवाय नको. आपला किनारा दिसायला शांत, पण पाण्याखालची वाळू बदलत असते. काल सपाट असलेल्या जागी आज चर पडलेला असतो, आणि त्या चरातून पाणी आत खेचतं. देवबागच्या संगमावर, जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिथे तर ओहोटीला ओढ फार असते. प्रत्येक किनाऱ्यावर जीवरक्षक असतीलच असं नाही.

इथेच छोट्या हॉटेलचा खरा उपयोग होतो. वेंगुर्ल्याजवळ एका सकाळी आम्ही टॉवेल घेऊन निघालो, तर मालक माडाखाली जाळं विणत बसले होते. वर न बघता म्हणाले, "आज दर्याक ओढ आसा, पाण्यात जाव नकात." मला तर समुद्र कालच्यासारखाच दिसत होता. त्यांनी उठून बोटानं दाखवलं: लाटा दोन्ही बाजूंना फुटत होत्या आणि मधल्या एका पट्ट्यात पाणी गढूळ, न फुटता मागे सरकत होतं. तोच चर. मुलं हिरमुसली, पण त्या दिवशी आम्ही घोट्याच्या वर पाण्यात गेलो नाही. ज्या हॉटेलात असं सांगणारं कुणी नसेल तिथे मुलांना घेऊन राहिलात तर समुद्र लांबूनच बघा.

जवळ राहिलं तर लाटांचा आवाज झोपू देतो का?

हिवाळ्यात हो, फार छान झोप लागते. मेच्या शेवटी आणि पावसात मात्र हा आवाज वाटतो त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. हलक्या झोपेच्या माणसांनी मागची खोली घ्यावी. ती स्वस्तही असते.

आम्ही शाकाहारी आहोत. आमचं काय होणार?

उलट चंगळ होईल, फक्त आधी सांगा. मासे न खाणाऱ्यांना पनीर आणि मिक्स व्हेज देऊन मोकळं व्हायची सवय हॉटेलांना लागलीय, कारण पाहुणे तेच मागतात. तुम्ही काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या, घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, कुळथाची पिठी आणि भात, खतखतं (मिश्र भाज्यांचं कालवण) मागा. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ आणि कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी. नारळाच्या रसातले शिरवाळे (तांदळाच्या शेवया) एकदा तरी खा. आदल्या रात्री सांगितलं तर घरची माणसं आनंदानं करतात. भांडी आणि तवा वेगळा हवा असेल तर तेही स्पष्ट विचारा. छोट्या स्वयंपाकघरात प्रत्येक ठिकाणी ते जमत नाही, आणि "जमणार नाही" असं खरं सांगणाऱ्या माणसावर मी जास्त विश्वास ठेवते.

खर्चाचा हिशेब कसा धरावा?

गेल्या दोन हंगामांत मी दोघांच्या खोलीला रात्रीचे साडेतीन ते साडेसात हजार रुपये दिले, नाश्त्यासह. नाताळात त्याच खोलीला दीडपट. जेवण वेगळं, आणि मासळीचा भाव रोजचा. थाळी ठरावीक दरात असते, पण मोठी सुरमई, कुर्ल्या (खेकडे), कोळंबी यांचा दर ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या. नंतर वाद नको.

जीएसटी खोलीच्या दरावर अवलंबून असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली आणि ७,८०० ची खोली यांच्या बिलात दिसतो त्यापेक्षा मोठा फरक पडतो. अगदी छोट्या, नोंदणी नसलेल्या घरगुती ठिकाणी हा कर लागत नाही.

ॲडव्हान्सबद्दल एक विनंती. आठ खोल्यांच्या माणसाकडे नाताळची एक खोली ऐनवेळी रद्द झाली तर त्याच्या कमाईचा आठवा भाग गेला. म्हणून ते पन्नास टक्के आगाऊ मागतात आणि शेवटच्या आठवड्यात परत देत नाहीत. मला हे योग्य वाटतं. फक्त अटी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि थोडी रोख जवळ ठेवा. किनाऱ्यावर नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं.

ऑनलाइन बुकिंग करावं की थेट फोन?

ॲपवर बघा, फोनवर बोला. ॲपचं कमिशन वाचतं, त्यातलं काही तुम्हाला दरात किंवा जेवणात मिळतं. पण माझं मुख्य कारण वेगळं आहे: पाच मिनिटं बोलल्यावर माणूस कळतो. मी विचारते, मालक तिथेच राहतात का, जनरेटर आहे का, खोली पुढची की मागची, समोर वाळू की दगड, गोड्या पाण्याची विहीर उन्हाळ्यात खारावते का. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात, साबणाला फेस येत नाही, केस चिकट राहतात. "आमच्याकडे असलं काही होत नाही" असं उत्तर आलं, तर दुसरीकडे फोन लावते. "मेमध्ये आम्ही आंघोळीला टँकर मागवतो," असं सांगणाऱ्याकडे मी दोनदा गेले.

रिव्ह्यू वाचताना तारे सोडा, महिने बघा. पावसाळ्यानंतर लगेचचे आणि मेमधले अभिप्राय सगळ्यात उपयोगाचे.

अमेरिकेहून बहीण येणार आहे. तिला अडचण येईल का?

परदेशी पासपोर्ट असेल तर येऊ शकते. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की हॉटेलला चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन फॉर्म भरून सरकारला कळवावी लागते (लोक याला सी फॉर्म म्हणतात). ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी. बऱ्याच छोट्या ठिकाणांनी त्याची नोंदणीच केलेली नसते, आणि मग ते दारात आलेल्या माणसाला नाही म्हणतात. चुलत बहीण आणि तिची दोन मुलं घेऊन रात्री नऊ वाजता दुसरी जागा शोधायची वेळ माझ्यावर आली आहे. बुकिंग करतानाच विचारा.

ऑफिसचं काम घेऊन जाऊ का?

मीटिंग चुकून चालणार नसेल तर नको. वायफाय असतं, पण वीज गेली की राउटर जातो, आणि जाड चिऱ्यांच्या भिंतीत मोबाइलची रेंज येत नाही.

कोणत्या महिन्यात जावं? पावसात मजा येते का?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत उत्तम. काळोख्या रात्री या दिवसांत कधी कधी फुटणाऱ्या लाटा निळ्या चमकतात, सूक्ष्म जीवांमुळे. सगळे दिवे बंद असलेल्या छोट्या हॉटेलच्या पुळणीवरून ते बघितलंय, तेव्हा मुलीनं अर्धा तास माझा हात सोडला नव्हता.

मे महिना आंब्या-फणसाचा, पण दमट आणि गर्दीचा. वादळाचाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा जिल्ह्यात कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळ लांब समुद्रातच होतं, तरी त्याच्या उधाणानं देवबागात पाणी घुसलं. मे आणि ऑक्टोबरमध्ये जाताना हवामान खात्याचा इशारा बघा आणि तारीख बदलून मिळेल का विचारा.

पावसात स्कूबा, बोटी, सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरी सगळं ऑगस्टअखेरपर्यंत बंद. जून-जुलैत मासेमारीला बंदी, म्हणजे ताटात खाडीचे मासे किंवा सुकं. किनाऱ्यावर डांबरासारखे तेलाचे गोळे येतात, पायाला चिकटले की खोबरेल तेलानंच निघतात. व्हरांड्यात बसून नुसता पाऊस आणि समुद्र बघायचा असेल तर मात्र जरूर जा. दर निम्म्यावर येतात आणि मालकांनाही बोलायला वेळ असतो. बरीच ठिकाणं या दिवसांत डागडुजीसाठी बंदच असतात.

हॉटेलची पुळण फक्त आपलीच असते ना?

नाही. भरतीरेषेखालचा किनारा कुणा हॉटेलचा नसतो, जाहिरातीत 'प्रायव्हेट बीच' लिहिलं तरी. सकाळी समोर रापण ओढतील, होड्या लागतील, जाळी वाळतील. ती त्यांची कामाची जागा आहे. विचारून दोरीला हात लावा, मुलांना फार आवडतं. मासळीचे फोटो काढताना मध्ये उभं राहू नका.

रात्री पुळणीवर दिवे का लावू देत नाहीत?

लावू देत नसतील तर त्या हॉटेलवर खूश व्हा. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेनं चालतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. हॉटेलनं फोकस मारला असेल तर पिल्लं हॉटेलकडे येतात आणि सकाळपर्यंत कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जातात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासव संवर्धनाचं काम २००२ पासून चाललंय, आमच्याकडे वेंगुर्ल्याजवळ वायंगणीलाही गावकरी घरटी राखतात. पुळणीवर लखलखाट, मोठा स्पीकर आणि शेकोटी देणाऱ्या हॉटेलांत मी जात नाही, आणि कुणाला सुचवतही नाही.

आम्ही पंधराजण आहोत. अख्खं हॉटेल घ्यावं का?

घ्या, याहून चांगला पर्याय नाही. शेजाऱ्यांना त्रास नाही, जेवण एका पंगतीत, मुलं मोकळी. दर ठरवताना जेवणासह बोला.

कुणी असं हॉटेल घेऊ नये?

दर तासाला काहीतरी करायला हवं असणारी मुलं असतील तर रिसॉर्टचा पूल बरा. ज्यांना जराही दमट चादर, भिंतीवरची पाल, संध्याकाळची चिलटं चालत नाहीत त्यांनी पैसे खर्चून मन खट्टू करून घेऊ नये. आणि एकच रात्र हातात असेल तर नकोच. पुण्याहून किंवा मुंबईहून गाडीनं आलं तर पहिला दिवस प्रवासातच जातो. निदान दोन रात्री, जमलं तर तीन.

रात्रीची गाडी असेल तर खोली दहाला सोडून दिवसभर काय करायचं?

आदल्या दिवशी विचारा. पुढचा पाहुणा नसेल तर छोट्या हॉटेलात खोली दुपारपर्यंत देतात, बहुतेकदा जास्तीचे पैसे न घेता. पाहुणा असेल तर सामान व्हरांड्यात ठेवून घेतात आणि मागच्या न्हाणीत आंघोळीची सोय करतात. मालवणहून कुडाळ स्टेशन रिक्षानं तासाभरावर आहे. रिक्षा मालकांच्याच ओळखीची सांगा, ती वेळेवर येते. रात्रीच्या जेवणाचा डबाही मागून घ्या. मागच्या खेपेला आम्हाला केळीच्या पानात बांधलेल्या आंबोळ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी मिळाली होती. गाडी दीड तास उशिरा आली आणि ही शिदोरी फलाटावरच संपली.